गोगलगायींचं वेगळं बिऱ्हाड

घड्याळजीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकच मासा उरला होता. पिवळा, आडदांड. काचेजवळ कोणी आलं की जाब विचारायला आल्यासारखा पुढे सरकायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. बाकीचे मासे एका नव्या माशाने आणलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने गेले. मुकादम तेवढा छोट्या टाकीत, तांब्याच्या औषधावर, यमाच्या दारातून परत आला. तेव्हापासून घड्याळजी ताकही फुंकून प्यायचा.

मेहुण्याने बहिणीला तीन समुद्री गोगलगायी भेट दिल्या, काचेवरचं शेवाळ खायला. घड्याळजी म्हणाला, या आधी वेगळ्या राहतील. बायकोला भावाची भेट अशी दारात अडवलेली रुचली नाही. गोगलगायींना माशांचा रोग होतो का, असं तिने विचारलं. होत नाही, हे त्याला मान्य होतं. पण रोगाचे कण शंखाला चिकटून येतात. चिखल काय, जोड्यावरूनच घरात येतो.

"किती दिवस?"

"दोनेक महिने."

"माझ्या भावालाही कधी इतके दिवस ठेवून घेतलं नाहीत."

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून एकेक शंख न्याहाळला. शंखावर तर गावच वसलं होतं: कुठे किड्याची नळी, कुठे हिरवी लव. रोगाचा कण मात्र असा दिसून थोडाच येतो! बघता बघता दुकान उघडायची वेळ टळली. शेवटी छोट्या टाकीत ताजं खारं पाणी भरून त्याने गोगलगायी सोडल्या.

सकाळी सगळ्या उताण्या पडलेल्या, मांसल पाय लोंबत होते. त्याने पाण्याचा खारेपणा तपासला, ऊब तपासली. सगळं ठीक. मग त्याला तळाचे दगड दिसले. मुकादमाचं औषध याच दगडांत मुरलं होतं. तांबं माशाला बेतानं चालतं, गोगलगायीला ते विषच. जगाला शहाणपण शिकवणाऱ्याने टाकी धुतली होती, पण दगड तसेच ठेवले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने गोगलगायी उचलल्या आणि थेट मोठ्या टाकीवर हात नेला. खाऊ आला समजून मुकादम वर आला.

"सोडतो गं. नाहीतर मरतील."

बायकोने मनगट धरलं. "काल रोगाची भीती होती, ती आज कुठे गेली?" तिने काचेचं भांडं पुढे केलं. "मुकादमाचं पाणी यात घ्या. यातलं तिकडे जाता कामा नये."

भांड्यात हवेची नळी सोडून दोघं खुर्च्या ओढून बसली. बऱ्याच वेळाने एकीने पाय आत घेतला, मग दुसरीने. तिसरी काही हलली नाही. बायकोने भिंग मागून घेतलं आणि मग ते परत देईना. काचेवर घासणारं इवलंसं तोंड तिला सापडलं होतं. आता भावाला काय काय सांगायचं, ते ती मोठ्याने ठरवू लागली.

घड्याळजीचा जीव भांड्यात पडला. सुलट केलेल्या गोगलगायीवरून बोट काढून तो उठला, चिमूटभर खाऊ घेतला आणि मुकादमाकडे वळला.

"अहो," भिंगातून डोळा न काढता बायको म्हणाली, "हात."

त्याने आपल्या ओल्या बोटांकडे पाहिलं. ती पाण्यापासून वीतभर अंतरावर होती आणि मुकादम तोंड उघडून वाट पाहत होता.