एकशे दोनची हरकत

प्रज्ञेशकडे एक वही होती. तिच्या पहिल्या पानावर त्याने ‘आपोआप’ एवढंच लिहिलं होतं. कुणी हुकूम न सोडता, कुणी शिक्का न मारता ज्या गोष्टी सुरळीत चालतात त्यांची नोंद तो या वहीत करायचा. टपरीवर रांग नसते, तरी पुढचा चहा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, ही नोंद सातवी. घराजवळच्या चौकातला सिग्नल बंद होता त्या सकाळी तो घड्याळ घेऊन कठड्यावर तासभर बसला होता. सिग्नल चालू असताना एका गाडीला चौक ओलांडायला सरासरी अठ्ठ्याऐंशी सेकंद लागत, बंद असताना एकावन्न. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात उसाची ट्रॉली आडवी झाली आणि पंचवीस मिनिटं कुणीच हललं नाही. तोही आकडा त्याने लिहिला. संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलेल्या माणसाला गैरसोयीची नोंद गाळता येत नाही.

मांजरी उपनगरातल्या एका चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर, एकशे दोनमध्ये, तो आणि त्याची आई प्रेमला राहायचे. प्रेमलाबाई चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झाल्या होत्या. मुलाचे विचार त्यांना नवे नव्हते.

“हा म्हणे लिबर्टेरियन आहे,” त्या शेजारणींना सांगायच्या. “खालची आम्रपाली लायब्रेरियन होती. ती निदान पुस्तकं वेळेवर परत घ्यायची.”

प्रज्ञेश हसायचा. जेवताना मात्र दोघांचं रोज वाजायचं.

“आई, माणसं आपसांत ठरवून सगळं करू शकतात. सरकार मध्ये लागतंच कशाला?”

“तुझ्या पणजोबांच्या गावात सरकार पोचलंच नव्हतं,” प्रेमलाबाई भाकरी मोडत म्हणाल्या होत्या. “सगळं आपसांतच ठरलेलं होतं. कोणी कुठल्या पाणवठ्यावर यायचं नाही, हेसुद्धा. आपसांतच. आपोआप.”

त्या रात्री वहीत नोंद झाली होती: ‘पाणवठा.’ पुढे प्रश्नचिन्ह. ते खोडायला त्याला अजून काही सापडलं नव्हतं.

तळमजल्यावर राहणाऱ्या आम्रपालीताई एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं होत्या. ते काम सुटल्यावर त्यांनी दोन महिने घरात येरझाऱ्या घातल्या आणि मग ठरवलं, की पुढच्या दोन खोल्यांत अभ्यासिका काढायची. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींसाठी बारा जागा. इथल्या पोरी अभ्यासाला जागा शोधत बस बदलून पार शनिवार पेठेपर्यंत जातात, हे त्या रोज बघत होत्या. त्यांनी टेबलं करून घेतली, दिवे लावले आणि जिन्यात प्रज्ञेशला गाठलं.

“अरे, अभ्यासिका काढतेय. चालेल ना?”

“चालेल की, ताई! मस्तच!”

“पण पोरी सगळ्या सरकारी नोकरीसाठी अभ्यास करणार. तुझ्या शत्रुपक्षाची भरती माझ्याच घरातून.”

“तुमचं घर, तुमची टेबलं. तिथे काय शिजवायचं ते तुम्ही ठरवा.”

सोसायटीचा नियम मात्र वेगळा होता. घरात असं काही सुरू करायचं तर उरलेल्या पंधराही घरांचं ‘ना हरकत’ पत्र हवं. एकानेही हरकत घेतली की विषय बंद, तो पुन्हा वर्षाने. रविवारी सकाळी दहाला गच्चीवर सभा होती. सचिव रतनकाका, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, बुधवारी छापील कागद घरोघर देऊन गेले.

“तूच कर सही,” प्रेमलाबाई आतून म्हणाल्या. “घरावर तुझंही नाव आहे. माझे हात पिठात आहेत.”

प्रज्ञेशने कागद वाचला. ‘सदर सदनिकेत अभ्यासिका सुरू करण्यास आमची कोणतीही हरकत नाही.’ त्याने पुन्हा वाचला. वाक्य साधं होतं, पण त्याला ते खुपायला लागलं. हरकत नाही असं लिहून द्यायचं, म्हणजे हरकत घ्यायचा हक्क आपल्याला होता हे आधी कबूल करायचं. दुसऱ्याच्या घरातल्या टेबलांवर आपला कसला हक्क? त्याने ती ओळ पट्टी लावून नीट खोडली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘हा प्रश्न मला विचारला जाणेच मला मान्य नाही. त्यांच्या घराचे त्या बघतील. सबब सही करण्यास नकार.’

कागद काकांच्या दारातल्या पेटीत टाकून तो शीळ घालत कामाला गेला. एखादं गणित दोन ओळींत सुटावं तसं त्याला हलकं वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो परतला तेव्हा आम्रपालीताई जिन्याखाली कुंड्यांना पाणी घालत होत्या.

“ताई, टेबलं आली का सगळी?”

त्यांनी मान वर केली नाही. “आली. आपण वर जा, पाय ओले होतील.”

आपण! बारा वर्षांत त्यांनी त्याला ‘अरे’शिवाय हाक मारली नव्हती. प्रज्ञेश पायरीवर थबकला.

“काय झालं?”

“काही नाही. आपली हरकत कळली. फलकावर लागलीय. अक्षर छान आहे आपलं.”

फलकावर रतनकाकांच्या हातचा तक्ता होता. ना हरकत: चौदा. हरकत: एक. कंसात सदनिका १०२.

तो दोन-दोन पायऱ्या चढत तिसऱ्या मजल्यावर गेला. रतनकाका चष्मा पुसत होते.

“काका, जय भीम. मी हरकत कुठे घेतली?”

“जय भीम. सही केलीस?”

“नाही, पण...”

“रकाने दोन आहेत. सही केली तो एक, नाही केली तो दुसरा. तुझ्या विचारांसाठी तिसरा रकाना आखायला पानावर जागा नव्हती.”

“माझं म्हणणं होतं की हा कागदच नको!”

“कळलं ते. दोनदा वाचलं. छान लिहिलंयस.” काकांनी चष्मा चढवला. “आता माझं ऐक. सोमवारी तोंडी विचारलं तेव्हा हरकती किती होत्या माहितेय? सहा. कुणाला चपलांचा ढीग नको, कुणाला दारात गाड्या नकोत. मी आणि आम्रपाली तीन संध्याकाळी सहा घरांत बसलो. तीनशे तीनमध्ये तर चहा पिऊन पिऊन पित्त झालं. चपलांसाठी आत मांडणी ठरली, नऊनंतर बंद ठरलं. सहाच्या सहा मिटल्या. तुझ्याकडे आलो नाही. म्हटलं, हा स्वातंत्र्याचा माणूस, हा आपलाच.”

तीन संध्याकाळी त्या दोघांनी घरोघर जाऊन माणसं राजी केली होती, कुणावर हुकूम न सोडता. त्याच्या वहीतल्या कुठल्याही नोंदीपेक्षा ही मोठी नोंद होती आणि ती करणारा माणूस आयुष्यभर शिक्के मारत आला होता. तेव्हा प्रज्ञेश स्वतः काय करत होता? पट्टी शोधत होता.

“आता काय करता येईल?”

“हरकत मागे घेण्याचा अर्ज दे. रविवारी दहाच्या आत.”

“घेतलीच नाही ती मागे कशी घेऊ?”

“मग राहू दे तशीच,” रतनकाका शांतपणे म्हणाले. “ती आपोआप राहील.”

घरी आईने ताट वाढलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर जरा जास्त आवाज करून ठेवला. प्रज्ञेशच्या मनात आलं, पाणवठ्यावर कुणी यायचं नाही हे ठरवताना पणजोबांच्या गावातल्या सगळ्यांनी आरडाओरडा केला नसेल. काही जणांनी नुसताच हात आखडला असेल. आणि त्यांचं म्हणणं स्वच्छही असेल. आम्हाला मध्ये पडायचं नाही.

शनिवारी सकाळी तो खाली गेला. बारा टेबलं भिंतीशी रांगेत होती. आम्रपालीताई त्यांच्यावर आकडे चिकटवत होत्या.

“ताई, माझं चुकलं. पण मला एवढंच म्हणायचं होतं, की तुम्हाला परवानगी मागावी लागू नये.”

“मी परवानगी मागितलीच कुठे?” त्यांनी सातचा आकडा नीट दाबून बसवला. “विचारत होते. बारा पोरी, त्यातल्या आठ-नऊ स्कूटरवर येणार. त्या बरोबर तुझ्या आईच्या खिडकीखाली लागणार. ती दुपारी पडते जरा. मग वर राहणाऱ्याला विचारायला नको? विचारलं म्हणजे कुणी मालक होत नाही. तू तोंडाने ‘चालेल’ म्हणालास ना? तेवढंच कागदावर हवं होतं. तत्त्वं नको होती मला, सही हवी होती.”

प्रज्ञेशने हळूच विचारलं, “अर्ज लिहायला एखादा कोरा कागद मिळेल?”

“ग्रंथालयातून आलेय. कागदांचा तोटा नाही.” त्या उठल्या, कागद आणून त्याच्यासमोर ठेवला. “आणि पट्टी मिळणार नाही.”

सहा नंबरच्या टेबलावर बसून त्याने अर्ज लिहिला. ‘न घेतलेली हरकत मी मागे घेत आहे’ असं एक वाक्य त्याला फार आवडलं होतं, पण ते त्याने लिहिलं नाही. त्याने लिहिलं: ‘अभ्यासिका चालेल.’ खाली सही केली, तारीख टाकली.

रविवारी गच्चीवर रतनकाकांनी तक्ता वाचला. ना हरकत पंधरा, हरकत शून्य. प्रेमलाबाईंनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “माझ्या मुलाने आयुष्यात पहिला सरकारी अर्ज केला. तीन दिवस लागले.”

“सरकारी नाही, आई. सोसायटीचा,” प्रज्ञेश म्हणाला.

“शिकशील हळूहळू.”

सोमवारी सकाळी तो कामाला निघाला तेव्हा पहिली मुलगी आली होती. पूर्वा नाव तिचं, पाठीवर भलंमोठं दप्तर. खिडकीखाली स्कूटर उभी करताना तिने त्याला पाहिलं आणि थांबली.

“दादा, इथे लावली तर चालेल ना?”

जागा सामाईक आहे, तिथे कुणा एकाचा हक्क चालत नाही, वगैरे बरंच काही त्याच्या जिभेवर आलं. वरच्या खिडकीचा पडदा हलत होता.

“चालेल,” तो म्हणाला. “फक्त दुपारी एक ते तीन हॉर्न नको. आई झोपते.”

“चालेल,” पूर्वा म्हणाली आणि आत गेली.

आतून आम्रपालीताईंचा आवाज आला, “अरे प्रज्ञेश, जाता जाता ते फाटक लाव रे!”

त्याने फाटक लावलं. बसमध्ये जागा मिळाल्यावर वही काढली. दोन ‘चालेल’ त्याने नोंद म्हणून लिहिले, पुढे वेळ टाकली: चार सेकंद. मग पहिल्या पानावर येऊन ‘आपोआप’ या शब्दाकडे थोडा वेळ पाहिलं आणि त्याच्या खाली लहान अक्षरात लिहिलं, ‘विचारून’.