पुढची सीट

राजकन्याची ओम्नी वीस वर्षांची होती. भोकरच्या सहा बायकांना ती रोज सकाळी सातला घ्यायची आणि नांदेडला आपापल्या कामावर सोडायची. मालकीणही राजकन्या आणि ड्रायव्हरही तीच. दिवाळीनंतर या गाडीला एक भारी खोड लागली. चालता चालता मध्येच गचके खायची, तीन सिलिंडरपैकी एकाने अंग काढून घेतल्यासारखी, आणि घटकाभराने आपणच सरळ व्हायची. बरं, रोज करेल तर शपथ. आज केलं तर उद्या नाही, परवा मात्र दोनदा. आणि विरूपाक्षअप्पाच्या गॅरेजात नेली की अगदी गरीब गाय.

अप्पाने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, कॉइल नवी टाकली. शेवटी त्याने हात टेकले. गॅरेजात गाडी मिस मारतच नाही तर मी धरू काय, असं तो म्हणाला, आणि त्याचंही खरंच होतं.

मग निदान केलं सहा जणींतल्याच सौदामिनीने. ती नांदेडच्या एका कचेरीत कारकून, हिशेबाने चोख. चतुराबाई आठवडाभर लेकीकडे हिमायतनगरला गेली तेव्हा गाडी एकदाही अडखळली नाही, हे तिने बरोबर टिपलं. चतुराबाई विधवा, पंचावन्नची, मुलींच्या वसतिगृहात दोनशे भाकरी थापणारी. गुडघे गेलेले, म्हणून पुढची सीट तिची. गाडी हिच्यामुळेच अडते, हे सौदामिनी पहिल्यांदा हसत म्हणाली. दुसऱ्यांदा हसली नाही. आणि शुक्रवारी पाचही जणींनी राजकन्याला सांगून टाकलं की सोमवारपासून एक तर ती, नाही तर आम्ही. बाई पांढऱ्या पायाची आहे, असंही एक जण पुटपुटली.

चतुराबाईच्या कानावर हे गेलंच. आपण एसटीने जाऊ, एवढंच ती म्हणाली. एसटी दहाला पोचायची आणि दहाला तर पोरींची पंगत बसायची. म्हणजे काम गेलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्या गप्प बसल्या होत्या.

राजकन्याचं डोकं फिरलं. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला होता. आठवड्यापूर्वी एका सकाळी, गाडी सुरू करताना, आज चतुरामावशी नाही आली तर बरं, असं तिने स्वतःच देवाला म्हटलं होतं. ती लाज तिला दोन रात्री डाचत राहिली.

रविवारी सकाळीच तिने गाडी गॅरेजात उभी केली. अप्पाला म्हणाली, "बायका खोटं बोलून न्हाई राहिल्या. मावशी बसली की गाडी मिस मारते, हे मी बी बघितलंय. मग मावशीत असं काय हाय, तेच शोधू."

अप्पाने तिच्याकडे पाहिलं. "पायगुण कसा मोजणार?"

"वजन तर मोजता येतंय."

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. अप्पाची सवय अशी, की गाडी आली की पहिलं काम सीट उचलायची आणि मग इंजिन सुरू करायचं. आजही त्याचा हात सीटकडे गेला आणि राजकन्याने तो धरला. महिनाभर गाडी तपासली, पण सीट खाली असताना एकदाही नाही. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं आणि अप्पा चांगलाच ओशाळला.

शेजारच्या आडतीवरून साठ किलोचं ज्वारीचं पोतं आणून त्यांनी पुढच्या सीटवर बसवलं. अप्पा मागे बसला. चांगल्या रस्त्यावर काही नाही. खराब रस्त्यावरही काही नाही. चार फेऱ्या झाल्या, ऊन चढलं. अप्पा म्हणाला, आता पुरे. राजकन्या परत आडतीवर गेली आणि आणखी अर्धं पोतं घेऊन आली, कारण मावशी काही साठ किलोची नव्हती. पाचव्या फेरीला पहिल्याच खड्ड्यात गचका बसला. अर्धं पोतं उतरवलं, गाडी सरळ. पुन्हा चढवलं, पुन्हा गचका.

आता अप्पाने सीट उचलली आणि इंजिनाकडे न बघता सीटची खालची बाजू बघितली. सीट ज्यावर टेकते त्यातलं एक रबर गळून पडलं होतं. तिथला लोखंडी पत्रा खाली आला होता आणि घासून चकाकत होता. बरोबर त्याच्याखाली प्लगची वायर, तिचं वरचं आवरण उंदराने कुरतडल्यासारखं गेलेलं. भार पडला की पत्रा वायरीला टेकायचा आणि ठिणगी प्लगात जायची ती पत्र्यात जायची.

अप्पा नवी वायर आणायला उठला. राजकन्या म्हणाली, आज नको, उद्या सगळ्यांसमोर. अप्पा भडकला. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी म्हणजे खेळ आहे का, असं विचारू लागला. शेवटी बायका चढतात त्या चौकापासून गॅरेजपर्यंतच, तेही सावकाश आणि तो स्वतः गाडीत असताना, एवढ्यावर तो कबूल झाला.

सोमवारी चतुराबाई चौकात नव्हती. अप्पा आधीच मागे येऊन बसला होता. राजकन्याने सौदामिनीला मानाने पुढे बसवलं. सौदामिनीही अंगाने भरलेली. ती ऐटीत बसली, आणि पहिल्याच गतिरोधकावर गाडीने गचका खाल्ला. मग दुसरा.

"मी काय केलं?" सौदामिनी हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"काहीच न्हाई केलं, ताई. तिनं बी काही केलं नव्हतं."

गॅरेजात अप्पाने सीट उचलून पाचही जणींना वायर दाखवली, पत्रा दाखवला. दहा मिनिटांत वायर आणि रबर बदललं. सौदामिनी मागच्या सीटवर जाऊन बसली. मग म्हणाली, "एसटी सुटायची हाय. आधी स्टँडवर घे."

चतुराबाई बाकावर एकटी बसली होती. आधी येईचना. राजकन्याने तिला हाताला धरून आणलं, पुढे बसवलं आणि गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं; सीटचं, वायरीचं, आणि देवाला म्हटलेलंही.

चतुराबाई म्हणाली, "म्हणून रोज व्हत नव्हतं बघ. मी रोज वरची कडी धरून, अंग उचलून बसायची. माझं नशीब तुझ्या गाडीवर पडू न्हाई म्हणून. हात भरून आला की मग टेकायची."

राजकन्याने गाडी कडेला घेतली. चतुराबाईचा डावा हात अजूनही वरच्या कडीला होता. राजकन्याने तो सोडवला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"आता नीट टेकून बस, मावशी," ती म्हणाली, आणि गाडी नांदेडच्या रस्त्याला लावली.