समोरच्या घरची बासी

बाबारावांनी पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफ चष्म्यावर घेतली आणि भाताचं एक शीत काढून बोटांत दाबलं.

"आज का ही है ना?"

"बाबूजी, अभी उतारा है," आचारी म्हणाला. सकाळपासून हे त्याला तिसऱ्यांदा सांगावं लागत होतं.

"और पूरी का आटा?"

"वो भी आज का. पानी, लकड़ी, सब आज का है."

मांडवात खुर्च्या लावणारी दोन माणसं हसली. बाबाराव हसले नाहीत. झाकण नीट बसवून ते आत गेले.

कलावतीला, बाबारावांच्या बायकोला, जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांच्या खाली, पांढऱ्या चादरीवर, कलावतीचा फोटो ठेवला होता. भंतेजींचा परित्राण पाठ संपला होता. त्यांचं भोजन बाराच्या आत व्हायला हवं, त्यानंतर ते काही घेत नाहीत, म्हणून रुचिता, बाबारावांची सून, घाईघाईनं ताट वाढत होती. भंतेजींचं झालं की बाबारावांनी दोन शब्द बोलायचे आणि मग पाहुण्यांच्या पंगती बसवायच्या, असं ठरलं होतं.

ते दोन शब्द त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला भाषण लिहायची सवय नसते. त्यांनी ते चार वेळा लिहिलं होतं. प्रत्येक वेळी बरंच खोडलं, पण एक वाक्य चारही वेळा तसंच राहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात कलावतीनं या घरात शिळा घास येऊ दिला नाही.

या वाक्यामागे बाबारावांची आई होती. तुमसरजवळच्या गावात ती पाटलाच्या घरचं अंगण झाडायची आणि दुपारी पदरात कालच्या भाकरी घेऊन यायची. त्या वरून टाकलेल्या असत. पोरं त्या पाण्यात बुडवून खायची. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बाबारावांनी कलावतीला हे सांगितलं आणि म्हटलं, आपल्या घरी एकवेळ उपाशी राहू, पण शिळं नाही. तिनं मान हलवली होती.

पुढं पगार वाढला, रायपूरजवळ बीरगांवात घर झालं, आणि त्या गोष्टीला फांद्या फुटत गेल्या. बाबाराव दुसऱ्यांच्या डब्यात डोकावून बघायचे. लग्नाला गेले की बुंदी कधी पाडली ते विचारायचे. कारखान्यातली स्थानिक माणसं रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायची, त्याला बासी म्हणायची. बाबाराव त्यांना 'बासीखाऊ' म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. ती माणसं हसण्यावारी न्यायची. आता तीच बासी मोठ्या हॉटेलात मातीच्या वाडग्यात मिळते असं सुशीलनं, त्यांच्या मुलानं, एकदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मिळू दे. शिळं ते शिळंच."

सव्वाअकराला फुलेश्वरी आली. समोरच्या घरात राहणारी, अभनपूरकडची, म्हणजे मूळची इथलीच. बाबारावांचं घर झालं त्याच वर्षी तिचंही झालं होतं. तिचा नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता. कलावतीला ती दीदी म्हणायची आणि बाबारावांना भाटो, म्हणजे बहिणीचा नवरा. हे नातं त्यांना जरा जास्तच वाटायचं. ती भाटो म्हणाली की त्यांना ऐकू यायचं नाही.

तिच्या दोन्ही हातांत झाकलेली काशाची बटकी, म्हणजे खोलगट वाडगा, होती. फोटोसमोर वाकून तिनं इकडंतिकडं पाहिलं. भंतेजींच्या पुढ्यात सगळे काहीबाही ठेवत होते, म्हणून तिनंही बटकी तिथंच ठेवली आणि वरची थाळी काढली. पाण्यात बुडालेला भात, वर चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या. पानावर मूठभर चेच, इकडची पालेभाजी. आंबूस वास बाबारावांपर्यंत आला.

"अरे, ये क्या है? यहाँ नहीं. उठाओ इसको."

"दीदी ल अब्बड़ सुहावय, भाटो." दीदीला फार आवडायची.

"किसको?"

"हमर दीदी ल."

चुकून दुसऱ्याच घरी आलेल्या माणसाला बघून हसावं तसे बाबाराव हसले. "कलावती? उसने ज़िंदगी में बासी को हाथ नहीं लगाया."

फुलेश्वरीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं सुशीलकडं पाहिलं. सुशील पाण्याचा जग घेऊन उभा होता. पेला भरून पाणी ताटात सांडायला लागलं तरी त्याचा हात वर होईना.

भंतेजींनी तेवढ्यात बटकी पुढं ओढली. दानात आलेल्या अन्नाला ते नाही म्हणत नाहीत. एक घास खाल्ला, मिरचीचं टोक मोडलं, आणि मान खाली घालून ते खात राहिले.

बाबारावांनी सुशीलला दंडाला धरून मागं मोरीपाशी नेलं.

"ते बाई काय म्हनून राहिली?"

"पापा, अभी छोड़ो ना. लोग बैठे हैं."

"तुले मालूम होतं?"

सुशील जगाचं झाकण उघडत-मिटत राहिला. "सबको मालूम था."

"सबको म्हंजे?"

"मतलब, मैं भी वहीं खाता था, मम्मी के साथ. स्कूल जाने से पहले. आप ड्यूटी निकल जाते थे ना सात बजे."

"अन् घरी जे पोळ्या होत्या?"

"वो टिफिन में." सुशीलनं घसा साफ केला. "मम्मी बोली थी, पापा को नहीं बताना. उनको लगेगा."

रुचिता मागोमाग आली होती. हात पिठाचे होते, ते तिनं अंगापासून लांब धरले होते. ती गोंदियाची, मराठीतच बोलायची.

"बाबा, आईनं काही वाईट नाही केलं. त्यांले आवडायची, बस."

"भात कुठून आणायची?"

रुचितानं नवऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आपलाच. रातचा उरला का झाकून न्यायच्या."

बाबाराव रोज रात्री हात धुताना विचारायचे, उरलं का? कलावती म्हणायची, गाईले टाकलं. त्यांना बरं वाटायचं. आपल्या घरचं उरलेलं गाय खाते, माणूस नाही.

"अन् मी रिटायर झाल्यावर? मी तर घरीच होतो. सकाळी तर ते फिरायले जायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, शुगरसाठी. अर्धा घंटा."

"जायच्या ना," रुचिता हळूच म्हणाली. "समोर."

समोरचं दार तीस पावलांवर होतं. बाबारावांनी गोल बाज़ारातून तिच्यासाठी चालायचे बूट आणले होते, घासाघीस न करता. चार वर्षांत त्या बुटांचे तळवे झिजले नाहीत, तेव्हा ते येईल त्याला दाखवायचे. बघा, बाईची चाल किती हलकी. ती बाजूला उभी राहून ऐकायची आणि आत चहा ठेवायला जायची.

"शुगरच्या बाईले भात चारत होती ते समोरची," ते म्हणाले. "रोज."

"पापा, डॉक्टर ने बोला था, हार्ट का था. उससे कुछ नहीं हुआ."

"तू नको सांगू मले."

तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ तुळशीराम डोकावला. तो तुमसरहून सकाळच्या गाडीनं आला होता. "दादा, भंतेजींचं आटपत आलं. तू बोलनार ना?"

"तुले बी माहीत होतं?"

"काय?"

"बासीचं."

तुळशीरामनं कान खाजवला. इथं काय चाललंय हे तिघांच्या तोंडांवरून त्याला कळलं. "वहिनीनं एकदा नेलं होतं मले. मे महिन्यात आलो होतो तेव्हा." आणि वातावरण हलकं करायला म्हणून पुढं बोलला, "उन्हाळ्यात बरी लागते गा. पोट थंड राहते."

"तुले आईच्या भाकरी आठवत नाही का?"

"आठवतात ना." तुळशीराम आता हसत नव्हता. "पर त्या वरून टाकत, दादा. हे बाई समोर बसून खाते."

नळ ठिबकत होता, तो बाबारावांनी घट्ट केला.

भात पाण्यात भिजवून खाल्ला, एवढंच त्यांना लागलं असतं तर ते रागावले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी संपलं असतं. इतकं त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं. पण दर चौदा एप्रिलला सगळे एकत्र जेवायला बसले की ते आईची गोष्ट सांगायचे. पाटलाचं अंगण, पदर, वरून पडणाऱ्या भाकरी. सुशील मान खाली घालून ऐकायचा. तुळशीराम असला तर हुंकार द्यायचा. आणि कलावती पदरानं डोळे पुसायची. दरवर्षी, त्याच ठिकाणी. ते डोळे पाहूनच ते गोष्ट पुन्हा सांगायचे. त्या सकाळीही ती समोरून जेवून आलेली असणार. मग ती कशासाठी रडायची? आता कुणाला विचारायचं?

"बाबा, चला," रुचिता म्हणाली.

ते बाहेर आले. बैठकीत आणि ओसरीवर मिळून पन्नासेक माणसं होती. कारखान्यातले जुने सोबती, विहाराच्या महिला मंडळाच्या बायका, गल्लीतली माणसं. भंतेजींचं भोजन झालं होतं. बटकीत नुसतं पाणी उरलं होतं.

बाबारावांनी खिशातून कागद काढला. फोटोसमोर हात जोडले. मग वाचायला लागले. कलावतीचा जन्म कुठला, लग्न कधी झालं, दोघं रायपूरला कधी आली, क्वार्टर कोणतं मिळालं. आवाज नीट लागत होता. मग ते वाक्य आलं.

त्यांनी ते मनात वाचलं. समोर पाहिलं. सुशील भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. तुळशीराम नखं बघत होता. महिला मंडळातल्या दोघी एकमेकींकडं बघून लगेच दुसरीकडं बघायला लागल्या. या खोलीत हे वाक्य खरं मानणारे आपण एकटेच होतो, आणि आता तेही नाही, हे त्यांना समजलं.

त्यांनी कागदाची घडी केली. बराच वेळ केली.

"यापुढचं मले वाचता येत नाही," ते म्हणाले. लोकांना वाटलं, गळा दाटला. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी हातानंच मागं सारला. "कलावतीबद्दल फुलेश्वरीबाई सांगतील. त्यांले माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं. तिनं लाजावं, मान खाली घालावी, बटकी उचलून निघून जावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते खुर्चीत बसले.

फुलेश्वरी उठली. तिला तो टोमणा कळलाच नाही, किंवा कळूनही तिनं तो बाजूला ठेवला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, लोकांकडं पाठ करून फोटोकडं तोंड केलं, आणि बोलायला लागली.

ती छत्तीसगढ़ीत बोलत होती, भरभर, मधे कुठंही न थांबता. बाबारावांना कामापुरती कळायची. दुकानातली, रिक्षावाल्याची. कुणी जास्त बोलायला लागलं की ते म्हणायचे, हिंदी में बोलो. आज तसं म्हणायची सोय नव्हती. 'एके बटकी म' एवढं त्यांना कळलं. एकाच बटकीत. मग 'हमर दीदी', मग 'लइका मन', म्हणजे पोरं, आणि बाकीचं पाण्यासारखं वाहून गेलं.

महिला मंडळातली एक बाई तोंडावर पदर धरून हसली. मग दुसरी. फुलेश्वरी आता वळून लोकांकडं बघत बोलत होती, हात हलवत. 'भाटो' असं काहीतरी आलं आणि सगळ्यांनी एकदम बाबारावांकडं पाहिलं. कारखान्यातला एक सोबती मांडीवर थाप मारून हसला. सुशील हसत होता आणि त्याच हातानं डोळे पुसत होता. भंतेजीसुद्धा खाली बघून हसले.

मग फुलेश्वरीनं आवाज बदलला. शब्द लांबवत, शेवटी जरा वर नेत ती कुणाच्या तरी तोंडचं बोलणं सांगायला लागली, आणि बाबाराव खुर्चीत पुढं सरकले. तो आवाज कलावतीचा होता. तंतोतंत. वर्षभरात त्यांनी तो ऐकला नव्हता. पण घरात ती इतकं कधी बोलायची नाही, इतक्या मोकळ्यानं तर नाहीच, आणि या भाषेत तर त्यांनी तिला एक शब्दही बोलताना ऐकलं नव्हतं.

मधे एका जागी फुलेश्वरी थांबली. तिनं पदरानं नाक पुसलं. मग तिनं कलावतीच्याच आवाजात एक लहानसं वाक्य म्हटलं, आणि बायकांच्या बाजूनं हुंदका आला.

बाबाराव शेजारी बसलेल्या रुचिताकडं झुकले. तिला सासूनंच शिकवली होती ही बोली, लग्नानंतरच्या वर्षभरात.

"काय म्हनाली ते?" त्यांनी हळूच विचारलं. "आता, शेवटचं. काय म्हनाली?"

रुचिताचे डोळे फुलेश्वरीवर होते. तिनं सासऱ्याच्या हातावर हात ठेवला, वळून न बघता.

"थांबा ना, बाबा," ती म्हणाली. "ऐकू द्या."