दाराशी तीन पाइन

वेल्समधल्या या डोंगरी गावातून एके काळी ड्रोव्हर काळ्या गुरांचे कळप पायी थेट लंडनला न्यायचे. ज्या दारात पाइनची तीन झाडं दिसत, तिथे गुरांना चारा आणि माणसांना मुक्काम मिळे. त्यांच्या आठवणीसाठी आजही दर शरदात गावातून कळप हाकतात. हाळी ऐकू आली की घरोघरी फाटकं लागतात. एखादं उघडं राहिलं, तर गुरं आत घुसलीच.

शशिधर कार्डिफच्या हॉस्पिटलातून निवृत्त होऊन इथे आले, त्याला सहा वर्षं झाली. तरी गावाला ते अजून 'नवे डॉक्टर'च. यंदा मात्र म्हाताऱ्या ग्विनने कळप हाकायची काठी त्यांच्या हाती दिली.

"एक गाय जरी भरकटली डॉक्टर, तरी पुढच्या वर्षी चहाच्या तंबूत कप धुवायचे."

आठवडाभर शशिधर बागेत हाळीचा सराव करत होते.

"अहो, गुरांआधी शेजारी पळून जातील," त्यांची बायको सुप्रभा म्हणाली होती.

दिवस कलताना कळप त्यांच्या गल्लीत शिरला. शशिधरांनी हाळी दिली. फाटकं धडाधड लागली. एकच सताड उघडं होतं, त्यांचं स्वतःचं. आणि त्यात ताट घेऊन सुप्रभा उभी.

"अगं, फाटक लाव!"

"आज वसुबारस आहे. गाय-वासरू दारात आलंय आणि मी दार लावू?"

बाजरीच्या भाकरीवर गूळ होता. पुढची गाय वळली, मागून वासरू, मग अख्खा कळप. डेलियाच्या फुलांचा चेंदामेंदा झाला. रस्त्यावर हशा पिकला. शशिधरांनी मान खाली घातली.

ग्विन तणतणत आला. "हे काय चाललंय?"

"आज आम्ही गाईला ओवाळतो, जेवू घालतो," सुप्रभा म्हणाली. "वर्षभर तीच घालते ना आपल्याला."

ग्विनने टोपी काढली. "हिचं नाव मेगन. डावीकडून जा, उजव्या डोळ्याने तिला कमी दिसतं."

मेगनच्या कपाळी कुंकू लागलं, भाकरी संपली, तेव्हाच कळप हलला.

संध्याकाळी शशिधर काठी परत द्यायला गेले. "कप कुठे धुवायचे ते सांग."

"राहू दे तुमच्याकडेच," एवढंच बोलून ग्विन आत गेला.

रविवारी तो दारात हजर. गाडीत पाइनची तीन रोपं. सुप्रभाने फाटकाशेजारची जागा दाखवली; शशिधर खड्डे खणू लागले.

"आणि डॉक्टर," माती लोटत ग्विन म्हणाला, "पुढच्या वर्षी हाळी जरा हळू द्या. माझी कुत्री अजून पलंगाखालून बाहेर आलेली नाही."