टेबलावर काढून ठेवलेले श्रवणयंत्र

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. दिसायला शेंगदाण्याएवढे, पण राग पोटभर.

कारखान्यातून निघाले ते ताईंच्या डाव्या कानामागे येऊन बसले. ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत. ताईंना उजव्या कानाने लहानपणापासूनच ऐकू येत नव्हते; एका सकाळी डावा कानही एकाएकी बंद झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, मग आवाज मेंदूपर्यंत धड पोचत नाही. कदाचित परत ऐकू येईल. तोवर हे यंत्र वापरून बघा."

मी जीव तोडून काम केले. "हे नसतं तर मी घरी बसले असते," असे ताई म्हणत, तेव्हा मला धन्य वाटे.

भावाच्या डोळ्यांत मात्र मी खुपत होते. त्याला स्कूल विकायचे होते आणि ताई ऐकत नव्हत्या. एकदा त्याने मला मुद्दाम पाण्याच्या पेल्यात टाकले आणि वर म्हणाला, "अरेरे, हात लागला!" मी वाचले, पण विसरले नाही.

औषधांनी ताईंचा कान हळूहळू बराच सुधारला. पण शिकणारे एकेक करून गळत होते आणि त्यांना भावाचा संशय होता, म्हणून त्यांनी घरात याबद्दल अवाक्षर काढले नाही. एक गिऱ्हाईक स्कूल बघायला आले, त्या दिवशी त्यांनी मला भावाच्या नजरेसमोर टेबलावर ठेवले आणि पाठ फिरवून खिडकीशी उभ्या राहिल्या.

"बोला बिनधास्त," भाऊ म्हणाला. "यंत्र काढलंय, तिला काही कळत नाही. बहिरी शिकवते, अपघात होईल, असं सांगून शिकणारे मीच पळवले. वैतागून सही करेलच."

ताई वळल्या. "परत सांग. यांना नीट ऐकू गेलं नसेल."

गिऱ्हाईक उठून चालते झाले. भाऊ पांढराफटक पडला.

"ताई, मी तुझा भाऊ आहे गं!"

"म्हणूनच. तुझी गाडी घे आणि नीघ."

पाटीवरचे त्याचे नाव खरवडायला रंगारी आला, तेव्हा ताईंनी मला कानाला लावले आणि आवाज वाढवला. इतके गोड काम मी कधी केले नव्हते.

मित्रांनो, हा आजार ताईंना सोडून गेलेला नाही. पुन्हा गरज लागेल म्हणून मी डबीत तयार बसले आहे. मला कोरडे ठेवा. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्याशी समोर येऊन, सावकाश बोला. आणि भावाला माफ कर, असे मला सांगू नका. ते मला ऐकू येत नाही.