खारशेपटीचा नर

वानफेनने आईला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, भाताच्या कोठारामागच्या कुंपणात पाऊल टाकायचं नाही. दुसरी, टाकलंच तर हात मागे बांधून टाकायचं. दुसरी गोष्ट ती हसत बोलली होती, आणि लेक हसली म्हणजे अर्धी परवानगी मिळालीच, अशी खाम्मूनची पक्की समजूत होती.

कुंपणात गांजाची चार झाडं होती. तीन माद्या आणि एक नर. हल्ली दुकानांतून काचेच्या बरण्यांत मिळतो तो परदेशी बियांचा, ठेंगणा, फुगीर गांजा नव्हे. तसला आता गावोगाव झाला होता, आणि खाम्मूनच्या मते त्याला नव्या प्लास्टिकच्या चपलेचा वास येत असे. ही खारशेपटी होती. माणसाच्या दीडपट उंच, अंगाने सडसडीत, पानं बारीक, आणि लांब झुबकेदार तुरे, वाळले की थेट खारीच्या शेपटीसारखे. खाम्मूनच्या तरुणपणी पूफानच्या डोंगरात टेकड्याच्या टेकड्या तिने भरलेल्या असत. मग बंदी आली, सैनिक आले, मळे जाळले गेले, आणि चाळीस वर्षं अशीच निघून गेली.

लागवड पुन्हा मोकळी झाली तेव्हा वानफेनने चोनबुरीच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि दोन वर्षं ती डोंगरातले पाडे पालथे घालत हिंडली. भेटेल तो म्हातारा डोळे मिटून खारशेपटीच्या वासाचं वर्णन करायचा. बी मात्र एकाकडेही नव्हतं. शेवटी अगदी वरच्या पाड्यावर केओ नावाचा एक एकटा म्हातारा सापडला. कोंबडीच्या रश्श्यात पानं टाकायला तो दर वर्षी घरामागे पाचसहा झाडं लावत आला होता. बंदी वगैरे त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती म्हणा ना. त्याने मूठभर बी दिलं आणि त्याच पावसाळ्यात तो वारला. सुनेने त्याची झाडं उपटून तिथे मिरची लावली. मुठीतलं निम्म्याहून जास्त बी किडीने पोखरलेलं निघालं, उरलेल्यातलं बरंचसं कुजलं, आणि रुजली ती ही चार.

म्हणजे नर गेला, तर तीन माद्या थंडीभर छान फुलणार, वाळणार, आणि त्यांच्याबरोबर खारशेपटी जगातून जाणार. हे खाम्मूनला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण नर उपटण्यातच तर तिचं तरुणपण गेलं होतं. नराचा पराग मादीवर पडला की तुऱ्यात बी धरतं, आणि बी धरलेला तुरा व्यापारी हातात घेत नाही. म्हणून प्रत्येक मळ्यात पहाटे रांगा तपासणारं एक माणूस लागे. नर फुलायच्या आत ओळखावा लागतो. पानाच्या बगलेत मोहरीएवढी गोळी दिसते. ती देठावर लोंबत असेल तर नर, तिला पांढरे केस फुटले असतील तर मादी. खाम्मून चौदाव्या वर्षी या कामाला लागली आणि अठराव्या वर्षी तिला तीन टेकड्यांवरून बोलावणं येऊ लागलं. ती चालता चालता नर उपटत असे, गाणं न थांबवता. याचा तिला आजही जरा जास्तच अभिमान होता.

त्या दिवशी वानफेन परवान्याच्या कागदासाठी सकोनला गेली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होती. खाम्मून सकाळी कोंबड्यांना कणी टाकत होती. दव पडलेलं, वारा नाही, आणि कुंपणावरून तो वास आला. कैरीच्या सालीचा, थोडा कापराचा, आणि मागे देवळातल्या उदबत्तीचा. तिचा नवरा सीथात तुरे बांबूच्या काडीवर दोऱ्याने बांधायचं काम करायचा. संध्याकाळी त्याच्या मानेला हाच वास येत असे. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. खाम्मूनने कणीचं ताट खाली ठेवलं आणि कुंपणाचं फाटक उघडलं. नुसता वास घ्यायचा होता, दुसरं काही नाही.

पुढचं तिला आठवतं, पण दुसऱ्या कोणी केल्यासारखं. पहिलं झाड, दुसरं झाड, तिसऱ्याच्या बगलेत लोंबत्या गोळ्यांचे घोस. डाव्या हाताने खोड वाकवलं, उजव्याने बुडाशी धरलं, अर्धा पीळ, आणि झटका. मग गुडघ्यावर मोडलं. उपटलेला नर तसाच टाकून चालत नाही, तो ढिगावर पडूनही दोन दिवस जगतो आणि उन्हं लागली की त्याची फुलं उमलतात. म्हणून त्याला पाण्यात दाबतात. खाम्मून कुंपणामागच्या पाटाशी गेली आणि तिने तो पाण्यात टाकून वर पाय दिला.

पाणी गार होतं. त्या गारव्याने ती भानावर आली.

ती तिथेच चिखलात बसली. नंतर दोन्ही हातांनी झाड वर ओढलं. मूळ उघडं पडलेलं, खोड मधोमध फाटलेलं, खालच्या फांद्या भिजून चिप्प. शेंडा तेवढा काठच्या गवतावर अडकून पाण्याबाहेर राहिला होता. त्यावर बंद गोळ्यांचे तीन घोस होते. पाणी लागलेला पराग मेलेला असतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण गोळ्या बंद होत्या. आतपर्यंत पाणी गेलं की नाही, हे सांगणं तिच्याही आवाक्यात नव्हतं.

तिने शेंडा विळ्याने कापला आणि पाण्याच्या बाटलीत खोचला. नवं भात घरी यायला अजून आठवडा होता, त्यामुळे कोठार रिकामं होतं. खांबांवरचं, फळ्यांचं, एका दाराचं. तिने आत आपलं निळीत रंगवलेलं जुनं लुगडं पसरलं, पिवळी धूळ दिसायची तर गडद निळ्यावरच दिसणार म्हणून. त्यावर बाटली ठेवली. भिंतींच्या फटींत चिंध्या कोंबल्या, उन्हासाठी एक तेवढी मोकळी ठेवली. बाकी झाड तिने ओल्या मातीत पुरून सावली केली, पण दुपारपर्यंत त्याने मान टाकली.

संध्याकाळी वानफेनचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवले. चिकट भात, मासळीचं तिखट."

"कुंपणात गेली नाहीस ना?"

"मला काय करायचंय तिकडे जाऊन?"

"नर उद्यापरवा फुटेल बघ. मी आले की पराग धरायला पाकीट बांधीन त्याला. तू नुसती लांबून नजर ठेव."

"ठेवते," खाम्मून म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची किळस आली. साठी उलटलेली बाई, लेकीशी खोटं बोलताना शब्दही अडखळत नाही. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर वानफेन मिळेल त्या गाडीने निघाली असती, आणि तिला दाखवायला खाम्मूनकडे काय होतं? एक मोडका शेंडा.

उजाडताच ती कोठारात शिरली आणि आतून कडी लावली. नाकातोंडाला पंचा बांधून भिंतीला टेकून बसली. आठ वाजले असतील, फळीच्या फटीतून उन्हाची तिरीप शेंड्यावर आली, आणि वरची एक गोळी पाच पाकळ्यांनी उलटली. मग दुसरी. लुगड्यावर काहीतरी पडलं, इतकं थोडं, की डोळे किलकिले करून बघावं लागलं. खाम्मून श्वासही जपून घेत होती. एक फुंकर, आणि सगळं जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून कोठाराखालच्या डुकरांच्या अंगावर गेलं असतं.

तेवढ्यात शिडी करकरली.

"खाम्मून, तुझं सूप दे गं जरा," शेजारची नुथियाम बाहेरून म्हणाली. "तीळ पाखडायचेत."

"दुपारी ये."

"आत काय करतेस?"

"बसलेय."

"दिवसाढवळ्या दार लावून? कोणाला घेऊन बसलीस या वयात?"

"कोणी नाही. जा तू."

"कोणी नाही तर उघड की. सीथात वरून बघत असेल हं," नुथियाम खिदळली आणि तिने दाराला हात लावला. फळी हलली. शेंड्याची सावली भिंतीवर डुलली.

"नू, दार ढकललंस तर मरेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही," खाम्मून म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता, तरी नुथियामचं हसू बंद झालं. ती उतरून गेली. आणि शेजारीण जे करते तेच तिने केलं. घरी जाऊन वानफेनला फोन लावला: तुझी आई कोठारात कोंडून घेऊन बसलीये, बोलणं धड नाही, लवकर ये.

वानफेन ठरल्यापेक्षा लवकर, पहिल्याच गाडीने निघाली होती आणि तोवर फाट्यावर उतरलीही होती. अर्ध्या तासात कोणाची तरी मोटारसायकल अंगणात थांबली. शिडीवर धावती पावलं वाजली.

"आई! दार उघड. काय झालंय तुला?"

"मला काही झालं नाही. दार लोटू नकोस, फेन. वारा आत येईल."

"कसला वारा?"

खाम्मूनने पंचा खाली ओढला. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

"नर मी उपटला," ती म्हणाली. "काल सकाळी."

मग पावलं शिडी उतरली, कोठाराला वळसा घालून मागे गेली, फाटक वाजलं. खाम्मून मोजत नव्हती, पण फार वेळ गेला. पावलं परत वर आली.

"पाण्यात दाबलास?" वानफेनचा आवाज सपाट होता.

"हो."

"सगळा?"

"शेंडा वर होता. तो आणलाय आत. नऊ उमललीत, बाकीची उमलतायत. दुपारी वारा सुटायच्या आत होईल."

दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला. वानफेन उंबऱ्याबाहेर बसली होती, दार हलू नये म्हणून आपल्या वजनाने ते धरून.

"दोन वर्षं हिंडले मी, आई."

"माहीत आहे."

"केओबाबांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांमागे चालत मी त्या सुनेच्या पाया पडले होते, झाडं ठेव म्हणून."

"माहीत आहे गं."

"मग का गेलीस आत?"

"वास घ्यायला," खाम्मून म्हणाली. तिला रडू फुटलं, आणि परागावर पाणी पडू नये म्हणून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुझ्या बापाचा वास येतो त्याला. बाकी माझ्या हातांनी केलं. मी त्यांना थांबवलं नाही, हे खरंय."

दोघी दाराच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. ऊन फळ्यांवरून सरकत गेलं.

साडेअकराला खाम्मूनने कडी काढली. वानफेन तोंडाला रुमाल बांधून तिरकी आत आली, आईकडे न बघता थेट लुगड्यापाशी गुडघ्यांवर बसली. सकाळभराची सगळी कमाई एका नखावर मावली असती. तिने कोंबडीच्या पिसाने ती धूळ एका बशीत लोटली. मग मधल्या मादीवर मच्छरदाणी टांगून दोघी आत शिरल्या. वानफेनने पिसाचं टोक बशीत बुडवलं, फांदीकडे नेलं, आणि थांबली. पीस लटलट कापत होतं. रागाने की भीतीने, ते तिचं तिला माहीत.

"तू कर," तिने पीस पुढे केलं.

"माझ्या हातात देऊ नकोस."

"दुसरे हात कुठून आणू आता?"

खाम्मूनने पीस घेतलं. सगळ्यात खालची एकच फांदी निवडली, आणि तिच्यावरच्या पांढऱ्या केसांना एकेक करून टोक लावत गेली. तरुणपणी वर्षानुवर्षं जे होऊ नये म्हणून पहाटे उठली, तेच ती आता करत होती, आणि तिचे हात जराही कापत नव्हते. याचाही तिला राग आला.

नंतरचे दिवस वाईट गेले. भात कापून झाला, कोठार भरलं, नुथियामला सूप मिळालं. वानफेन भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती "जेव" आणि "झालं" एवढंच बोलायची, तेही ताटाकडे बघून. फांदीवरचे केस तांबूस होऊन आत वळले. पराग लागला तरी ते वळतात आणि नुसते म्हातारे झाले तरी वळतात, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. खाम्मून कुंपणाकडे पाठ करून कणी टाकायला शिकली.

एकविसाव्या दिवशी सकाळी वानफेन कुंपणातून म्हणाली, "आई, इकडे ये."

खाम्मून फाटकात उभी राहिली. वानफेनने ती खालची फांदी उचलून तिच्यापुढे धरली. "मला कळत नाहीये. तू चाचपून बघ."

जुन्या दिवसांत व्यापारी असाच तुरा दोन बोटांत धरून कानापाशी चोळायचा. आत बी असेल तर बारीकसं करकर वाजायचं, आणि मग तो अख्खी टोपली नर उपटणाऱ्याच्या अंगावर ओतायचा, सगळ्या गावासमोर. खाम्मूनने तुरा बोटांत धरला, चोळला, आणि करकर ऐकू आली. हात आपोआप जोडले गेले, मान खाली गेली, आणि चाळीस वर्षांत तोंडात न आलेले शब्द तिच्या तोंडून निघाले.

"चुकलं, मालक. एखादा नर नजरेतून सुटला असेल."

"बरं झालं सुटला," वानफेन म्हणाली, आणि एकवीस दिवसांत पहिल्यांदा तिने आईच्या तोंडाकडे बघितलं.