प्लेगच्या सालची ओळ

“मास्तर, येशूचं थडगं रिकामं होतं की नव्हतं, यानं आपल्या श्रद्धेला काय फरक पडतो? मनाला जाणवलं म्हणजे झालं!” मनोज हसत म्हणाला, आणि चर्चच्या तरुण संघाची झाडून सारी पोरं माना डोलावू लागली.

नाथा मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं रविवारचा हा वर्ग त्यांचा होता. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरी करणारा हा मनोज गिटार घेऊन आला काय, आणि दोन वर्षांत वर्ग खिशात घातला काय!

“फरक पडतो,” मास्तर म्हणाले. “येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलातासारख्या सरकारी माणसाचं नाव आपण दर रविवारी उपासनेत का घेतो? हे अमक्याच्या अमलात, अमक्या गावी खरोखर घडलं म्हणून. घडलंच नसेल तर कुलूप लावा चर्चला.”

“देवाला दाखला लागतो का, मास्तर?” मनोज म्हणाला. पोरं खळाळून हसली. मास्तर जळत घरी आले.

त्यांचा म्हणावा असा एकच मान उरला होता. चर्चच्या वर्धापनदिनी ते पणजोबांची, चिमाजीची गोष्ट सांगत. प्लेगात सारं गाव पळालं, चिमाजी मात्र मागे राहिला आणि त्याने मेलेल्यांना माती दिली. यंदा पाळकसाहेबांना कपाटात त्या सालची दफनवही सापडली होती. ती मोडीत होती आणि चर्चमध्ये मोडी वाचता येणारे मास्तर एकटेच.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी त्यांनी ते पान उघडलं. ‘प्रेते पंधरा. खड्डे पुंजा याने एकट्याने खणिले.’ त्याखाली लिहिलं होतं, ‘चिमाजी बायकोपोरांसह घोटीस गेला.’

त्यांनी तीनदा वाचलं. नावापुढे आडनावही होतं; पुंजा म्हणजे मनोजचा पणजोबा. गळा त्याचा, पोरं त्याची, आता पणजोबाही त्याचाच! बायकोला, मीनाबाईंना, त्यांनी सगळं सांगितलं.

“पुंजाचं वाचा,” त्या म्हणाल्या. “खालचं वाचू नका. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.”

संध्याकाळी मनोजच दारात उभा. “काही निघालं का, मास्तर? नसलं तरी चिमाजीबाबांची गोष्ट सांगाच. लोकांना बळ येतं. वहीत काय आहे ते कोण विचारतंय?”

खरंच, कोण विचारणार होतं? त्याच्या या भलेपणाचाच मास्तरांना जास्त राग आला. पण दोन्ही ओळी गिळून उद्या पिलाताचं नाव कोणत्या तोंडाने घ्यायचं? “बघू,” एवढंच ते म्हणाले.

रविवारी त्यांनी पुंजाची ओळ वाचली आणि वही मिटली. चर्चमध्ये कुजबुज झाली. उपासना संपताच मनोज लोकांना बाजूला सारत थेट त्यांच्या बाकाशी आला.

“मास्तर, खरंच घडलं हे? पुंजा म्हणजे आमचाच?”

“आडनावासकट आहे.”

“पंधरा? एकट्यानं?” तो वहीवर वाकला. “नक्की ना? आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही हो. कुठे लिहिलंय? दाखवा ना.”

मास्तरांनी वही उघडली आणि त्याचं बोट धरून ओळीवर टेकवलं. मनोजने ते नावावरून पुन्हा पुन्हा फिरवलं, डोळे पुसले, पुन्हा फिरवलं. मास्तरांना त्याचा हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता इतका. असं बोट ठेवायला त्यांच्याकडे आता काहीच नव्हतं.

“आणि ही खालची?” मनोजने विचारलं. तिच्यावर मास्तरांचा तळहात होता. भोवती लोक जमले होते. मीनाबाईंनी हळूच मान हलवली, नको म्हणून.

मास्तरांनी हात उचलला.

“ही आमची,” ते म्हणाले, आणि मागच्या बाकांपर्यंत जाईल अशा आवाजात वाचू लागले.